अजून किती लांब?

हैदराबादहून कुंथलगिरीला निघालं की पटानचेरू मागे पडायच्या आत मागच्या सीटवरून प्रश्न येतो, “आजी, अजून किती लांब?” रस्ता सात-आठ तासांचा. मुलं दोन, वय आठ आणि पाच. मैत्रिणींनो, पुढचं सांगायला नकोच. सूनबाई मागे वळून मोबाइल देते, गाडीत शांतता पसरते आणि आम्ही मोठी माणसं सुटकेचा श्वास सोडतो. मीही सोडला आहे, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी सदाशिवपेठच्या पुढे नातीला भडभडून उलटी झाली. गाडी बाजूला घेतली, तोंड धुतलं, लिंबू हुंगायला दिलं. डोळे मोबाइलवर खिळलेले असले की ते सांगतात, ‘आपण बसलोय’ आणि कान आतून सांगतात, ‘आपण पळतोय’. या भांडणात मळमळ होते. खिडकीबाहेर लांबवर पाहिलं की दोघांचा मेळ बसतो. म्हणून मोबाइल पिशवीत गेला, आणि आता पोरांना खिडकीबाहेर बघायला लावायचं कसं, हा प्रश्न माझ्यासमोर आला. तेव्हा मला माझी आजी आठवली. तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि ते आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलं होतं. मीच मध्ये विसरले होते.

आजी उमरग्याकडची. तिच्या लहानपणी कुंथलगिरीची यात्रा बैलगाडीने व्हायची. कुलभूषण-देशभूषण मुनींचं मोक्षस्थान, त्यामुळे आपल्या मराठवाड्यातल्या जैनांना ते क्षेत्र घरच्यासारखं. पण बैलाची चाल तासाला कोसभर. वाटेत दोन-तीन मुक्काम. गाडीत चार बायका, पाच-सहा पोरं, पिठाचे डबे, गाळलेल्या पाण्याचा हंडा. या पोरांना गप्प बसवायचं कशाने? आजी सांगायची, “अगं, गप्प नाही बसवायचं. बोलतं करायचं.”

त्यांचा खेळ होता लांछनांचा. रस्त्यात जे जनावर दिसेल, ते ज्या तीर्थंकरांचं लांछन आहे त्यांचं नाव जो आधी घेईल त्याला एक चिंचोका. घोडा दिसला की संभवनाथ, वानर दिसलं की अभिनंदननाथ, रेडा दिसला की वासुपूज्य, बोकड दिसला की कुंथुनाथ, हरीण दिसलं की शांतिनाथ. डुक्कर दिसलं की दुसऱ्या घरची पोरं नाक मुरडायची, आमच्या घरची ‘विमलनाथ!’ म्हणून ओरडायची. बैलाला मात्र चिंचोका नव्हता. रस्ताभर बैलच बैल, स्वतःची गाडीही बैलांचीच. आदिनाथांना चिंचोके दिले असते तर पिशवी संध्याकाळपर्यंत रिकामी झाली असती.

आता गंमत बघा. मागच्या वर्षी मी हा खेळ पुन्हा सुरू केला, तेव्हा उमरग्यापर्यंत एकही बैल दिसला नाही. ट्रॅक्टर दिसले, टेम्पो दिसले. नातवाने नियम बदलला: “आजी, बैलाला दहा पॉइंट.” शंभर वर्षांत या रस्त्यावर काय काय बदललं, ते या एका नियमात आलं. इतिहास पुस्तकात असतो तसा तो पोरांच्या गुणांच्या हिशोबातही असतो.

आजी लग्न होऊन हैदराबादला आली आणि यात्रा रेल्वेने सुरू झाली. सिकंदराबाद ते वाडी हा निजामाच्या रेल्वेचा मार्ग १८७४ साली सुरू झालेला. वाडीहून सोलापूरमार्गे कुर्डुवाडी आणि तिथून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची छोटी गाडी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. त्या दिवसांत दर्शनाला माणसांची रीघ लागली होती. आजीही गेली, नऊ वर्षांच्या माझ्या आईला घेऊन. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, खिडकीही वाट्याला आली नाही. बाहेर दिसत नसेल तर लांछनं कुठून येणार? मग गावांच्या भेंड्या लागल्या.

आपल्या हैदराबादच्या गावांच्या भेंड्यांत एक मेख आहे. इथली निम्मी गावं ‘बाद’वर संपतात. हैदराबाद, सिकंदराबाद, विकाराबाद, जहिराबाद, निजामाबाद, औरंगाबाद, उस्मानाबाद. समोरच्यावर सारखा ‘द’ येतो. देगलूर झालं, दुधनी झालं, दर्यापूर झालं, मग माणूस अडतो. आईने म्हणे त्या गर्दीत ‘दौलताबाद’ म्हणून अख्ख्या डब्याला हरवलं, कारण ते ‘द’ने सुरू होतं आणि ‘द’वरच संपतं. आज उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. ‘द’चा मारा कमी झाला. नातीला ही जुनी नावं मी भेंडीतूनच सांगितली, नाहीतर तिच्या कानावर ती पडली नसती.

भेंड्या हा रिकामटेकड्यांचा खेळ नव्हे. जुन्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘प्रतिमाला’ नावाची कला आहे. एकाने श्लोक म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने पुढचा. त्याच यादीत कोडी घालण्याची ‘प्रहेलिका’ही आहे, आणि ज्यांचा उच्चार करताना जीभ अडखळते असे श्लोक म्हणण्याची कलाही आहे. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणताना आपली पोरं हसून लोळतात, ती या कलेची धाकटी भावंडंच.

माझं स्वतःचं लहानपण सत्तरच्या दशकातलं, म्हणजे बसचं. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ बस घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली, त्यातून पुढे इथलं राज्य परिवहन उभं राहिलं. सरकारी बसच्या नंबरात इथे ‘झेड’ हे अक्षर असतं. निजामाने आपल्या आईच्या, झोहरा बेगमच्या, नावावरून ते ठेवलं असं हैदराबादेत सांगतात. आई आम्हाला म्हणायची, “बघा, प्रत्येक बस आईचं नाव घेऊन पळते.” त्यामुळे झेड दिसला की ज्याला आधी दिसला त्याने आईला एक काम सांगायचं, असा आमचा नियम होता. बहुतेक वेळा काम एकच असायचं: डब्यातली शंकरपाळी काढ.

नंबरप्लेट हा तर चालता इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. त्याआधी हैदराबाद ते नळदुर्ग हा सगळा रस्ता एकाच राज्यात होता. आज त्याच रस्त्यावर जहिराबादपर्यंत एक पाटी, हुमनाबादजवळ केए ३८, उमरग्यापासून एमएच २५. आपल्या घरच्या गाड्यांवर आधी एपी होतं, २०१४ ला टीएस आलं, २०२४ ला टीजी. मुलांना म्हणावं, जुन्यात जुनी पाटी शोधा. एपीची गाडी दिसली की तिचं वय काढायचं. उत्तर ‘दहा वर्षांहून जास्त’ आलं की पोरं त्या गाडीला ‘आजीबाई’ म्हणतात. मला राग येत नाही.

नंबर बदलतो तशी लिपीही बदलते. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर बहुधा बरोबरच्या खुणेसारखी तिरपी रेघ असते, कन्नड अक्षरांच्या डोक्यावर आडवी, टोकाशी वळलेली. उमरग्याला आपली सरळ शिरोरेघ येते. लिपी बदललेली पाटी आधी कोणाला दिसते, हा खेळ पाच वर्षांचं पोरही खेळतं, कारण त्यासाठी वाचता यावं लागत नाही. नुसतं बघावं लागतं. आणि इथे आपल्याला ब्राह्मी भेटते. या तिन्ही लिप्या प्राचीन ब्राह्मी लिपीच्या लेकी.

ब्राह्मी आणि सुंदरी या ऋषभदेवांच्या मुली. वडिलांनी त्यांना जवळ बसवून एकीला लिपी दिली, दुसरीला अंक दिले, अशी आपली परंपरा सांगते. एका कथेत तर उजव्या हाताने ब्राह्मीला अक्षरं आणि डाव्या हाताने सुंदरीला आकडे लिहून दिले, असं येतं. जगाची पहिली शाळा भरली ती दोन मुलींसाठी, आणि तीही बापाच्या मांडीपाशी. आदिपुराण लिहिणारे आचार्य जिनसेन नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड. आईची गाडी १९५५ साली तांडूरनंतर ज्या मळखेड रोड स्टेशनवरून गेली, त्याच्याजवळचं.

त्याच अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तो १९६३ साली हिंदी अनुवादासह छापला. मला वाटलं होतं, रूक्ष असेल. उघडलं तर सुंदरीचा खेळखाना! त्यात काही गुणाकार असे दिलेत की उत्तर उलटसुलट सारखंच यावं, आणि त्यांना गळ्यातल्या हाराची उपमा दिली आहे. १३९ गुणिले १०९ करून बघा, १५१५१ येतात. तेव्हापासून आमच्या गाडीत ‘हाराची गाडी’ शोधतात: ७२२७, ४११४ असे नंबर. आणि असा चार आकडी हार कोणताही घ्या, त्याला ११ ने पूर्ण भाग जातो. नातीने जहिराबाद ते हुमनाबाद नऊ हार तपासले आणि मग कुठे माझ्यावर विश्वास ठेवला.

त्याच पुस्तकातलं एक कोडं खास वाटेवरचं. तीन व्यापारी चाललेत, वाटेत पैशांची थैली पडलेली दिसते. पहिला म्हणतो, ही मला मिळाली तर माझ्याकडे तुम्हा दोघांच्या मिळून दुप्पट पैसा होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तुमच्या दोघांच्या तिप्पट. तिसरा म्हणतो, मला मिळाली तर पाचपट. थैलीत किती आणि प्रत्येकाकडे किती? लहानात लहान उत्तर: थैलीत १५, आणि व्यापाऱ्यांकडे १, ३, ५. मुलाने गाडी चालवता चालवता ते अंदाजाने जुळवत आणलं. नात मात्र गप्प होती. मला वाटलं, अवघड गेलं. मग म्हणाली, “पण आजी, पडलेली थैली घ्यायचीच कशाला? ती आपली थोडीच आहे?”

गाडीत सगळे गप्प झाले. अचौर्य अणुव्रतात पडलेली, विसरलेली, ठेवलेली वस्तूही न घेणं येतं. पाठशाळेत पोरं हे पाठ करून येतात. त्या दिवशी ते कोड्यातून आपणहून बाहेर आलं.

आणखी एक खेळ आपल्या घरांसाठी अगदी कामाचा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचं, तर गाडी कधी थांबवायची? हात समोर लांब करून बोटं आडवी धरायची. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये चार बोटं मावली तर अंदाजे तास राहिला, एका बोटाला पाव तास. सूर्याकडे टक लावायची नाही, एवढी ताकीद द्यायची. हे काम पोरांकडे सोपवलं की भूक नसतानाही ती वेळेत जेवतात, कारण गाडी त्यांनी थांबवलेली असते.

घरातल्या पुरुषांनी यात्रेच्या वह्या लिहून ठेवल्या. कुठल्या धर्मशाळेत उतरलो, कुठे किती दान दिलं, सगळं त्यात आहे. पोरं कशी रमली, ते एकाही वहीत नाही. ते काम बायकांचं, आणि बायका लिहीत नव्हत्या, खेळत होत्या. त्यामुळे हे खेळ एका पिढीने खेळले नाहीत तर ते कुठे शोधायला मिळणार नाहीत. माझ्या हातून ती पिढी जवळजवळ निसटली होती. माझा मुलगा लहान असताना मी त्याला गाडीत झोपवायचे किंवा कॅसेट लावायचे, आज मोबाइल देतात तशीच. म्हणून सूनबाईला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. उलट, लांछनांचा खेळ तिने माझ्यापेक्षा लवकर उचलला. वानर पहिलं तिलाच दिसलं.

आमची नात शाळेत इंग्रजी शिकते, तेलुगू शिकते, मराठी तिला फक्त कानाने येतं. त्या दिवशी कर्नाटक संपलं तशी ती खिडकीला नाक लावून बसली होती, सरळ शिरोरेघेची वाट बघत. पाटी आली. तिने एकेक अक्षर लावलं. उ. म. र. गा. मग मागे वळून म्हणाली, “उमरगा! म्हणजे तुझ्या आजीचं गाव?”

मी म्हटलं, “हौ.”

“मग कुंथलगिरी अजून किती लांब?”

ते विचारणं काही थांबलं नाही. पण या वेळी मी घड्याळात पाहिलं नाही. तिच्याच हाती बोटं मोजायला दिली.