मधलं पान फाटलेले अंक

गेल्या महिन्यात बाजारपेठेतल्या रद्दीच्या दुकानात एक गठ्ठा मिळाला. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "पत्रकारसाहेब, इंग्रजी आहे, विमानांचं आहे. तुमच्या कामाचं असलं तर बघा." किलोच्या भावानं उचलला. घरी येऊन दोरी सोडली तर सगळी मासिकं निघाली छोटी विमानं बनवणाऱ्या हौशी लोकांची. एरोमॉडेलिंगची. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये पोरं लाकडाची, इंजिन लावलेली विमानं तारेला बांधून गोल फिरवतात ना, तोच छंद.

गठ्ठ्यात दोन प्रकार होते. निम्मे अंक ब्रिटनच्या 'एरोमॉडेलर'चे, १९५०-६० च्या दशकातले. पानं पिवळी, तेलाचे डाग, कडेला पेन्सिलीनं केलेली आकडेमोड. उरलेले अमेरिकेतले, १९९० नंतरचे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, एकदम झकास.

सगळे चाळून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जुन्या अंकांपैकी कितीतरी अंकांची मधली पानं फाटलेली होती. विमानाचा नकाशा ज्या पानावर असायचा, नेमकं तेच पान गायब. रंगीत अंकांतलं मात्र एकही पान गेलेलं नव्हतं.

मंडळी, वीस वर्षं छापील कागदावर पोट भरतोय. त्यामुळे हा फरक मला चांगलाच टोचला. मग या मासिकांचा इतिहास वाचत बसलो. तोच आज सांगतो. जरा लांब आहे, पण वाचा. विषय विमानांचा असला तरी गोष्ट आपल्या सगळ्यांची आहे.

सुरुवात पॅरिसपासून. १८ ऑगस्ट १८७१ रोजी आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणानं तिथल्या त्विलरी बागेत रबराला पीळ देऊन चालणारं एक छोटं विमान उडवलं. ११ सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेलं. त्यात माणूस बसणार नव्हता, म्हणून कुणी त्याला खेळणं म्हणेल. पण त्याच पेनोच्या धर्तीचं, रबरावर उडणारं एक खेळणं १८७८ मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्रीबाबांनी आपल्या दोन पोरांसाठी घरी आणलं. पोरांची नावं विल्बर आणि ऑर्विल राइट. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

छंदाला खरा पूर आला १९२७ मध्ये. मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग एकटा साडेतेहतीस तास विमान चालवत न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचला आणि अमेरिकेतल्या पोरांना विमानाचं वेड लागलं. त्याच वर्षी 'अमेरिकन बॉय' या मुलांच्या मासिकानं छोटी विमानं बनवणाऱ्यांची एक देशव्यापी लीगच काढली. मासिकात कृती यायची, पोरं घरी विमान बनवायची आणि स्पर्धेला न्यायची. बाल्सा नावाचं अतिशय हलकं लाकूड घराघरांत पोचलं ते याच काळात.

बाजारात मागणी दिसली की प्रकाशक येणारच. १९२९ मध्ये 'मॉडेल एअरप्लेन न्यूज' निघालं. काढणारा बर्नार मॅकफॅडन. हा माणूस व्यायामाची आणि 'खऱ्या' प्रेमकथांची मासिकं खपवणारा, म्हणजे धंद्याची नस ओळखणारा. सुरुवातीच्या अंकांत पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या शौर्यकथाही असायच्या. मुखपृष्ठावर धडाकेबाज विमानांची चित्रं. खप हवा तर हे लागतंच, त्यात गैर काही नाही.

मासिक सुधारलं ते १९३० च्या दशकात, चार्ल्स हॅम्पसन ग्रँट संपादक झाल्यावर. ग्रँटनं पोरांना पोर समजून लिहिलं नाही. विमान का उडतं, शेपटीचा आकार केवढा हवा, वजन नेमकं कुठं तोललं पाहिजे, पंख वर उचललेले असले तर विमान आपोआप सरळ का होतं, हे सगळं त्यानं लेखमालांतून समजावलं. पुढे १९४१ मध्ये त्याचं या विषयावरचं जाडजूड पुस्तकच आलं. तोवर बहुतेकांची पद्धत अशी, की दुसऱ्याचं विमान बघायचं आणि तसंच करायचं. उडलं तर उडलं. ग्रँटच्या वाचकाला आपलं विमान का पडलं हे कळायला लागलं. मासिकातली सुधारणा म्हणतात ती ही. वाचक एक इयत्ता वर गेला.

आता ब्रिटन. 'एरोमॉडेलर' निघालं १९३५ मध्ये. चार वर्षांत महायुद्ध सुरू झालं. सरकारनं इंजिनवर उडणाऱ्या छोट्या विमानांवर बंदी घातली. कागदाचं रेशनिंग आलं. बाल्सा तर मिळेनाच, कारण ते लाकूड लढाईला लागत होतं. ब्रिटनचं 'मॉस्किटो' हे वेगवान लढाऊ विमान प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून बनवत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणजे या मासिकाला इंजिन नाही, लाकूड नाही, कागद नाही. बंद पडायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं मिळणार?

पण ते बंद पडलं नाही. छंद ग्लायडर आणि रबरावरच्या विमानांकडे वळला, मिळेल त्या लाकडावर भागवू लागला, आणि मासिक त्याच्या बरोबर चाललं. वाचकाकडे आज काय आहे, त्यात काय बनेल, एवढाच प्रश्न होता.

त्याच सुमाराला अमेरिकेच्या नौदलानं १९४२ मध्ये शाळकरी पोरांकडून पाच लाख छोटी विमानं मागवली. शत्रूचं विमान कुठलं आणि आपलं कुठलं, हे सैनिकांना लांबून ओळखता यावं, त्या प्रशिक्षणासाठी. प्रमाण ठरलेलं, एकास बहात्तर. कालपर्यंत जो 'रिकामा उद्योग' होता, तो एकदम देशाचं काम झाला. मोजमाप वाचून हुबेहूब वस्तू घडवणारे हात तयार होते, म्हणून असली मागणी करता आली.

युद्धानंतर 'एरोमॉडेलर'ची नकाशांची सेवा नावारूपाला आली. अंकात विमानाचा लहान नकाशा छापायचा, आणि ज्याला बनवायचंय त्यानं पैसे पाठवून पूर्ण आकाराचा नकाशा टपालानं मागवायचा. ज्याच्याकडे तेवढे पैसे नसतील त्यानं अंकातलं पान फाडायचं, चौकटी आखायच्या आणि मोठं करून काढायचं. माझ्या गठ्ठ्यातली ती गायब पानं अशीच कुणाच्या तरी टेबलावर गेली असणार. त्यावर टाचण्या टोचल्या असतील, डिंक सांडला असेल.

अमेरिकेत १९६३ मध्ये 'आर/सी मॉडेलर' निघालं. तेव्हा रेडिओवर चालणारी विमानं नवी आणि महाग होती. चांगली रेडिओ यंत्रणा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. या मासिकानं १९६५-६६ मध्ये काय करावं? घरच्या घरी, सुटे भाग जोडून अख्खी रेडिओ यंत्रणा कशी बनवायची, याची लेखमालाच छापली. नाव 'डिजिट्रिओ', लेखक एड थॉम्प्सन. आजच्या भाषेत सांगायचं तर मोबाइलच्या मासिकानं मोबाइल बनवायला शिकवावं तसं! तयार यंत्रणा विकणारे आपल्याच मासिकात जाहिराती देतात, हे संपादकांना माहीत नव्हतं थोडंच? तरी छापलं.

आणि इथंच या मासिकांची दुखरी नस आहे. हौशी मासिकाला जाहिराती देणार कोण? किट विकणारे, इंजिन विकणारे, रेडिओ विकणारे. आणि मासिकानं परीक्षण करायचं कशाचं? त्यांच्याच मालाचं. पुढे बाजारात जवळपास तयार विमानं येऊ लागली. खोक्यातून काढा, चार स्क्रू आवळा, उडवा. बनवणाऱ्याचा झाला गिऱ्हाईक. मग नकाशाची पानं कमी आणि परीक्षणं जास्त. माझ्या गठ्ठ्यातल्या रंगीत अंकांत परीक्षणांमागून परीक्षणं आहेत आणि प्रत्येक विमान छानच उडतंय. एकही पडलेलं नाही. साठ वर्षांपूर्वीच्या अंकांत विमानं सारखी पडतात, का पडली ते लोक लिहितात आणि दुसरे त्यावर उत्तर देतात.

मी हे वरच्या पट्टीत बोलत नाहीये. कबुली देतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या कृषी पुरवणीसाठी लिहायचो. एका पाण्याच्या पंपावर अर्धं पान लिहिलं. पंप मी चालवून पाहिला नव्हता. कंपनीचं पत्रक होतं, जाहिरात होती, आणि वरून निरोप होता की "जरा चांगलं लिही." पुढच्या उन्हाळ्यात एक शेतकरी कार्यालयात आले. वरच्या खिशातून चार घड्या घातलेलं ते कात्रण काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "दादा, तुमचं वाचून घेतला होता." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पंप दोन महिन्यांत बसला होता. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार होतो? चुकीची दुरुस्तीही आम्ही छापली नाही. ते कात्रण अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून सांगतो, गुळगुळीत कागदानं मासिक सुधारत नाही. पुढची यादी बघा. 'आर/सी मॉडेलर' २००५ मध्ये बंद पडलं. अमेरिकेतलंच 'फ्लाइंग मॉडेल्स' हे जुनं मासिक २०१४ मध्ये प्रकाशन संस्थेबरोबरच मिटलं. इंटरनेट आलं, छपाई महागली, कारणं अनेक आहेत आणि सगळी खरी आहेत. पण माहितीपत्रकासारखं दिसणारं मासिक असेल, तर माहितीपत्रक फुकट मिळायला लागल्यावर त्यासाठी पैसे कोण मोजणार?

एक वेगळी वाटही झाली. अमेरिकेतल्या हौशी लोकांची अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही संघटना १९३६ ची. तिच्या बातम्या 'अमेरिकन एअरक्राफ्ट मॉडेलर' या खासगी मासिकात येत. १९७५ मध्ये ते मासिक बंद पडलं. मग संघटनेनं आपलंच 'मॉडेल एव्हिएशन' पूर्ण मासिक म्हणून काढलं. वर्गणीदार म्हणजे सभासदच. त्यामुळे जाहिरातदारानं तोंड फिरवलं म्हणून लगेच अंक बुडत नाही. अर्थात यातही खोट आहेच. संघटनेचं मासिक म्हटलं की पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि बक्षीस समारंभ आले. आपल्याकडच्या पतसंस्थांचे वार्षिक अहवाल पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा छंदाचं काय घेऊन बसलात? तर एकच उदाहरण देतो. माणसानं फक्त स्वतःच्या पायांच्या जोरावर विमान उडवावं यासाठी ब्रिटनमध्ये ५०,००० पौंडांचं बक्षीस होतं. वर्षानुवर्षं कुणालाच जमेना. २३ ऑगस्ट १९७७ रोजी ते जिंकलं पॉल मॅक्रिडी यांच्या 'गॉसमर कॉन्डॉर'नं. मॅक्रिडी पोरवयात छोट्या विमानांच्या स्पर्धा गाजवणारा गडी. त्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वापरून असं विमान केलं, की पडलं तर झटपट जोडून पुन्हा उडवता यावं. बाकीच्यांचं विमान मोडलं की दुरुस्तीत महिने जात. पडण्याची लाज न बाळगता पुन्हा जोडणं हेच तर या छंदाचं शिक्षण. चंद्रावर पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँगही लहानपणी विमानं बनवत बसायचा.

आता आपल्याकडे या. शेतावर फवारणीचे ड्रोन आले. लग्नात ड्रोन, मिरवणुकीत ड्रोन. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या 'मॉडेल' विमानांचा वेगळा विचार केलेला आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं स्पर्धांसाठी विमानं बनवतात. एनसीसीत शिकवतात. पण आमच्या तालुक्यातला आठवीतला पोरगा ड्रोन बघतो तो विकत घ्यायची वस्तू म्हणून. तो पडला तर का पडला, हे त्याला मराठीत कोण सांगणार?

यूट्यूब आहे, मान्य. डिंक कसा लावायचा हे व्हिडिओत जास्त चांगलं दिसतं. पण आज काय शिकायचं, उद्या काय, आणि मागच्या वेळी सांगितलं त्यात कुठं चुकलं, हे क्रमानं सांगायला संपादक लागतो. ज्याच्याकडे कात्रण घेऊन जाता येईल असा माणूस लागतो.

मी सध्या ज्या साप्ताहिकात आहे, तिथल्या मालकांशी परवा बोललो. महिन्यातून एक पान मागितलंय. त्यावर एका वस्तूचा नकाशा, आधी आम्ही स्वतः बनवून पाहिलेला. पहिला नकाशा थर्माकोल आणि रबरबँडवर उडणाऱ्या विमानाचा. खाली एक चौकट, मागच्या महिन्यातल्या चुकांची. आणि ज्यांचं उडलं नाही त्यांची पत्रं. जाहिरात त्या पानावर नाही. मालक म्हणाले, "अरे, पण ते पान फाडून नेतील, अंक खराब होईल."

म्हटलं, साहेब, तेवढं झालं तरी भरून पावलो.

(शाळेत हस्तकला, विज्ञान शिकवणारे किंवा एनसीसी केलेले कुणी असाल आणि एखादा खात्रीचा, करून पाहिलेला नकाशा असेल, तर कळवा. आणि पोस्ट पटली तर पुढे पाठवा.)