डॅनिश कुटुंबशेतीतील वराहपालन आणि ऋतुचक्र (इ. स. १८८० ते १९१४)

डेन्मार्कच्या सहकारी चळवळीचा इतिहास सामान्यतः लोण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. दुग्धशाळा, मलई वेगळी करणारे यंत्र, इंग्लंडच्या बाजारात मान्यता पावलेले डॅनिश लोणी, हे त्या कथनाचे ठरलेले टप्पे होत. परंतु लोणी काढून घेतल्यावर जे दूध मागे उरते, त्याचे शेतकऱ्याने काय केले, हा प्रश्न विचारला असता लक्ष गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे डुकरांकडे वळते. मलई काढलेले दूध हे डुकराचे खाद्य झाले आणि खारवलेल्या डुकराचे मांस, अर्थात बेकन, हा लोण्याच्या जोडीचा निर्यातमाल झाला. हे स्थित्यंतर घडत असता शेतकरी कुटुंबाच्या वर्षाची व दिवसाची मांडणी कशी पालटली, आणि त्या पालटाचा लाभ व भार कोणाच्या वाट्यास आला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. जुनी व्यवस्था : शरद ऋतूतील प्राणी

जुन्या डॅनिश ग्रामव्यवस्थेत डुक्कर हा मुख्यतः अरण्याच्या आश्रयाने वाढणारा प्राणी होता. बीच आणि ओक वृक्षांची फळे शरद ऋतूत खाली पडत, त्या वेळी डुकरांचे कळप अरण्यात सोडले जात. या प्रथेचे महत्त्व किती होते, हे राजा पाचवा क्रिश्चन याच्या कारकीर्दीत, इ. स. १६८८ मध्ये पूर्ण झालेल्या जमीनमोजणीवरून ध्यानात येते. त्या मोजणीत अरण्याची प्रतवारी, तेथील फळांवर किती डुकरे पोसली जाऊ शकतील, या संख्येने केलेली आढळते. म्हणजे सरकारी दप्तरात डुक्कर हे अरण्य मोजण्याचे एक मापच होते.

या व्यवस्थेत वर्षाचा क्रम निसर्गाने आखून दिला होता. उन्हाळ्यात डुकरे पडीक जमिनीवर व कापणी झालेल्या शेतात चरत, शरद ऋतूत अरण्यातील फळांवर पुष्ट होत आणि थंडी पडू लागली की कापली जात. नोव्हेंबर महिन्यास जुन्या डॅनिश भाषेत ‘कत्तलीचा महिना’ अशा अर्थाचे नाव होते. कापणीच्या दिवशी घरातील सर्व माणसे कामास लागत. रक्त साठवून त्याचे सॉसेज करणे, आतडी धुणे, चरबी कढविणे, मांस लाकडी पिंपात मिठाने खारविणे ही कामे गृहिणीच्या देखरेखीखाली चालत. शेजाऱ्यांकडे ताज्या मांसाचा वाटा पाठविला जाई व त्यांच्या घरी कापणी झाली म्हणजे तसाच वाटा परत येई. चंद्र वाढता असताना डुक्कर कापावे, अन्यथा मांस शिजताना आक्रसते, अशी समजूत होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या व्यवस्थेचा पाया ढासळू लागला. इ. स. १७८१ च्या कायद्याने सामाईक शेतांची वाटणी सुलभ झाली, १७८८ मध्ये शेतकऱ्यास जन्मगावाशी जखडून ठेवणारे बंधन रद्द होण्यास प्रारंभ झाला, आणि १८०५ च्या वनविषयक आज्ञेने राखीव अरण्यात जनावरे चारण्यास बंदी झाली. अरण्याचे दार बंद झाल्यावर डुक्कर शेतकऱ्याच्या अंगणात आले. तथापि शरद ऋतूत पुष्ट करावे व हिवाळ्याच्या तोंडाशी कापावे, हा जुना क्रम घरगुती वापरापुरता पुढेही पुष्कळ काळ टिकून राहिला.

२. संकट आणि सहकार

इ. स. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याकडून पराभव होऊन डेन्मार्कने श्लेस्विग, होल्स्टाइन व लाउएनबुर्ग हे प्रदेश गमावले. त्यानंतरच्या दशकात अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि धान्य निर्यात करणाऱ्या डॅनिश शेतकऱ्याचे गणित कोलमडले. अनेक देशांनी अशा प्रसंगी आयात धान्यावर जकात बसविली. डेन्मार्कने निराळा मार्ग स्वीकारला. स्वस्त धान्य विकत घेऊन ते जनावरांस खाऊ घालावे आणि लोणी, मांस व अंडी विकावी, असे धोरण तेथील शेतकऱ्यांनी अंगीकारले.

इ. स. १८७८ च्या सुमारास मलई वेगळी करणारे फिरते यंत्र उपयोगात आले व अनेक गोठ्यांचे दूध एकत्र आणून प्रक्रिया करणे शक्य झाले. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी पहिली सहकारी दुग्धशाळा स्थापन झाली. सभासदाने आपले सर्व दूध द्यावे, नफा दुधाच्या प्रमाणात वाटला जावा आणि मलई काढलेले दूध सभासदास परत मिळावे, ही तिची तत्त्वे लवकरच देशभर पसरली. परत आलेल्या दुधाचा सर्वांत फायदेशीर उपयोग डुकरे पोसण्यात होता.

ही डुकरे प्रारंभी मुख्यतः जर्मनीत जिवंत पाठविली जात. परंतु इ. स. १८८७ च्या अखेरीस डुकरांच्या साथीचे कारण दाखवून जर्मनीने ही आयात बंद केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये होर्सेन्स येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा पहिला सहकारी कत्तलखाना सुरू झाला. आता जिवंत डुकराऐवजी इंग्रज ग्राहकाच्या रुचीप्रमाणे कापलेले व खारवलेले बेकन पाठवावयाचे होते. या उद्योगाची वाढ किती वेगाने झाली, हे पुढील आकड्यांवरून दिसेल : १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशात सुमारे ५ लाख डुकरे होती, १९१४ मध्ये ती २५ लाखांच्या जवळपास पोहोचली. देशाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे २८ लाख होती.

३. दिवसाचा क्रम

नव्या व्यवस्थेत कुटुंबाचा दिवस दुधाच्या गाडीने बांधला गेला. पहाटेचे दोहन आटोपून दुधाच्या बरण्या रस्त्याच्या कडेला ठेवाव्या लागत. गाडीवान त्या गोळा करून दुग्धशाळेत नेई आणि त्याच बरण्या मलई काढलेल्या दुधाने भरून परत आणी. ते दूध आले की डुकरांच्या गोठ्यात कालवा उडे. भरडलेला जव दुधात कालवून डोणीत ओतणे, पिल्ले व मोठी जनावरे यांना निरनिराळे घालणे, ओला पेंढा काढून कोरडा पसरणे आणि बरण्या कढत पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवसासाठी पालथ्या घालणे, ही कामे क्रमाने येत. सायंकाळच्या दोहनानंतर पुन्हा हाच क्रम.

खाद्याचे प्रमाण ठरविण्यात अनुभवाइतकाच शास्त्राचाही हात होता. एन. जे. फ्योर्ड (१८२५ ते १८९१) यांनी प्रत्यक्ष शेतांवर प्रयोग करून असे दाखविले की, डुकरांच्या वाढीच्या दृष्टीने एक किलो धान्य हे सहा किलो मलई काढलेल्या दुधाच्या अथवा बारा किलो चीजच्या निवळीच्या तोडीचे आहे. या साध्या प्रमाणामुळे दुधाची किंमत धान्यात मोजणे लहान शेतकऱ्यासही शक्य झाले. दुग्धशाळेत सर्वांचे दूध एकत्र होत असल्याने एका गोठ्यातील क्षयरोग दुसऱ्या गोठ्यात जाण्याचा धोका होता. बर्नहार्ड बांग यांच्या संशोधनानंतर १८९८ च्या कायद्याने परत द्यावयाचे दूध तापविणे बंधनकारक झाले. घरातील डोणीपर्यंत कायदा व प्रयोगशाळा पोहोचल्याचे हे बोलके उदाहरण होय.

४. वर्षाचा क्रम

डुकरीण गाभण राहिल्यापासून सुमारे ११४ दिवसांनी विते; तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवस असा हा हिशेब शेतकऱ्यांच्या तोंडी असे. त्यामुळे वर्षातून दोन वेते घेणे शक्य होई. एक वेत वसंतात व दुसरे शरदात यावे, अशी योजना सोयीची ठरे.

वसंत ऋतूत पेरणी व वेत ही कामे एकाच वेळी येत. विताना डुकरीण पिल्लांवर लोळून ती दगावण्याची भीती असल्याने घरातील कोणीतरी कंदील घेऊन रात्रभर गोठ्यात बसे. ती एक रात्र निभावली नाही, तर अर्ध्या वर्षाचे उत्पन्न बुडण्याचा प्रसंग येई. पहिल्या मे रोजी गडी-मोलकरणींची मुदत संपून नवी माणसे कामावर रुजू होत, तेव्हा नवख्या माणसास जनावरांची सवय लावणे हेही गृहिणीकडेच असे.

उन्हाळ्यात दिवस फार मोठा असे. सुमारे आठ आठवड्यांची झालेली पिल्ले आईपासून तोडून दुधावर घेतली जात. याच सुमारास चाऱ्याच्या बीटची विरळणी चाले. स्त्रिया व मुले ओळींतून गुडघ्यांवर सरकत जादा रोपे उपटीत. या काळात दूध लवकर आंबे, म्हणून बरण्यांची स्वच्छता अधिक काटेकोर ठेवावी लागे. ऑगस्टमध्ये धान्याची कापणी सुरू झाली तरी डोणीची वेळ चुकविता येत नसे.

शरदात बटाटे व बीट जमिनीतून काढून, पेंढा व माती यांखाली झाकून हिवाळ्यासाठी ठेवले जात. वसंतातील पिल्ले आता ९० किलोंच्या आसपास भरत व कत्तलखान्यात रवाना होत. गोठ्यात दुसऱ्या वेताची पिल्ले आलेली असत. पहिला नोव्हेंबर हा गडी बदलण्याचा दुसरा दिवस होता.

हिवाळ्यातच जुन्या व नव्या व्यवस्थेतील भेद विशेष स्पष्ट होतो. पूर्वी गाई वसंतात वीत व हिवाळ्यात बहुतेक आटत, त्यामुळे हे महिने तुलनेने विसाव्याचे असत. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात लोण्याला भाव अधिक मिळतो, हे जाणून डॅनिश शेतकऱ्यांनी गाई शरदात वितील अशी व्यवस्था केली. परिणामी ऐन थंडीत दुधाचा ओघ वाढला आणि त्याबरोबर डुकरांचे खाद्यही वाढले. डिसेंबरमध्ये जेमतेम सात तासांचा दिवस असता, अंधारात उठून बर्फातून गोठ्यात जाणे व मोठ्या कढईत बटाटे उकडणे हे नित्याचे झाले. घरासाठी एखादे डुक्कर राखून ते नाताळापूर्वी कापण्याची प्रथा मात्र चालू राहिली. गोठ्यातील बाकीची जनावरे लंडनच्या न्याहारीसाठी असत. हे एकच जुन्या पंचांगाप्रमाणे जगे व मरे.

५. लाभ आणि भार

सहकाराने या कुटुंबांना काय दिले, हे प्रथम पाहणे इष्ट आहे. सभासद एकत्रितपणे कर्जास जामीन राहत, विक्रीयोग्य सर्व डुकरे ठराविक वर्षे आपल्याच कत्तलखान्यास देण्याचे वचन देत, आणि सभेत प्रत्येकास एकच मत असे. माणसांची डोकी मोजावी, गुरांची नव्हे, या आशयाचे वचन तेथे रूढ झाले. दोन डुकरे देणारा अल्पभूधारक व पन्नास देणारा मोठा शेतकरी यांच्या मालास एकाच कसोटीने भाव मिळे. मांसाची प्रत सुधारावी म्हणून देशी लँड्रेस जातीची जोपासना व इंग्रजी यॉर्कशायर जातीशी संकर ही दोन्ही कामे पद्धतशीर हाती घेण्यात आली. १९०७ पासून पिल्लांच्या वाढीवरून माता-पित्यांची परीक्षा करणारी केंद्रे सुरू झाली. लहान शेतकऱ्यास हे लाभ एकट्याने कधीही मिळविता आले नसते.

याबरोबरच भाराचीही नोंद करणे आवश्यक आहे. अल्पभूधारक पुरुष अनेकदा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाई. अशा घरी गाय, डुकरीण व पिल्ले यांचा सांभाळ पत्नी व मुले करीत. कत्तलखान्याच्या वहीत मात्र सभासद म्हणून बहुधा पुरुषाचे नाव असे आणि सभेतील मतही त्याचेच असे. वहीत मांसाचे वजन व प्रत लिहिली जाई. कंदिलापाशी जागून काढलेल्या रात्री आणि शाळेपूर्वी डोणी भरणाऱ्या मुलांचे तास यांना तेथे रकाना नव्हता. कुटुंबाच्या विनावेतन श्रमावर या उद्योगाची स्वस्ताई उभी होती. शिवाय दूर देशाच्या ग्राहकास बारमाही व एकसारखा माल हवा असल्याने विसाव्याचा ऋतू वर्षातून नाहीसा झाला.

६. उत्तरकाल

या व्यवस्थेचे परावलंबित्व पहिल्या महायुद्धात उघड झाले. १९१७ मध्ये पाणबुड्यांच्या अनिर्बंध युद्धामुळे परदेशी धान्य व पेंड येईनाशी झाली. डुकरांना धान्य घालावे की माणसांना, असा प्रश्न उभा राहिला. आहारतज्ज्ञ मिक्केल हिंडहेडे यांनी धान्य माणसांसाठी राखण्याचा पक्ष मांडला. मोठ्या प्रमाणावर कत्तल होऊन १९१८ मध्ये डुकरांची संख्या ६ लाखांच्या आसपास उतरली. पुढे ती पुन्हा वाढून १९३१ मध्ये ५० लाखांवर गेली, तोच ब्रिटनने बेकनच्या आयातीवर मर्यादा घातली. तेव्हा १९३३ पासून डेन्मार्कमध्ये प्रत्येक शेतास ठराविक डुकरांची कार्डे वाटली गेली. कार्डाविना आणलेल्या डुकरास फार कमी भाव मिळे. कोणते जनावर किती वाढवावे, याचा निर्णय अरण्यातील फळांऐवजी आता आयात-निर्यातीच्या तहनाम्यांवर अवलंबून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमध्ये सुमारे २ लाख शेते होती आणि त्यांपैकी बहुसंख्य शेतांवर गाई व डुकरे दोन्ही असत. १९६० नंतर हे मिश्र स्वरूप झपाट्याने लोपले. आज डेन्मार्क डुकराच्या मांसाचा मोठा निर्यातदार देश असला, तरी हे उत्पादन थोड्या मोठ्या शेतांवर एकवटले आहे, आणि बंदिस्त गोठ्यात वाढणाऱ्या जनावरास ऋतूचा स्पर्श क्वचितच होतो.

सारांश, १८८० ते १९१४ या काळातील कुटुंबशेती ही दोन व्यवस्थांच्या मधली अवस्था होती. डुक्कर ऋतूच्या सत्तेतून बाजाराच्या सत्तेत गेले, परंतु त्या बाजारात आपली अट सांगण्याचे सामर्थ्य शेतकऱ्याने सहकाराच्या द्वारे मिळविले. त्या सामर्थ्याची किंमत घराने, विशेषतः घरातील स्त्रिया व मुले यांनी, हिवाळ्यातील विसावा देऊन चुकविली. डॅनिश सहकाराचा हिशेब मांडताना लोण्याच्या व बेकनच्या आकड्यांशेजारी ही बाजूही लिहिली गेली, तरच तो हिशेब पुरा होईल.