कढईतली चरबी आणि तोफेची दारू

आपल्या बचत गटांत साबण करणाऱ्या बायांना ठाऊक आहे, तेलात किंवा चरबीत कॉस्टिक सोडा मिसळला की साबण होतो. त्याच वेळी ग्लिसरीनही सुटतं. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, ब्रिटिश लष्कराला हेच ग्लिसरीन हवं होतं. त्यापासून नायट्रोग्लिसरीन आणि पुढे कॉर्डाइट नावाची तोफा-बंदुकांची दारू बनायची. म्हणून छावण्यांच्या भटारखान्यांत कढईला, ताटाला राहिलेली चरबीसुद्धा जमा होऊ लागली. तोफेच्या रिकाम्या पितळी पुंगळ्याही गोळा करून परत पाठवल्या जात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे काम घरोघरी नेलं. १९४२पासून बायका तळणाची उरलेली चरबी गाळून डब्यात साठवायच्या आणि खाटकाच्या दुकानात द्यायच्या. एका पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, ४ सेंट मिळायचे. पण चरबी हवी तेवढी जमेना. मग डिसेंबर १९४३पासून पैशांसोबत रेशनचे पॉइंटही मिळू लागले. त्यावर मांस, लोणी घेता येई. नुसत्या देशप्रेमाच्या हाकेने भागलं नाही, बाईच्या कामाचं मोल वाढवावं लागलं.

मात्र स्वयंपाकघरात जपलेल्या त्या चरबीचा शेवट माणसं मारण्यात झाला, हेही विसरू नये. म्हणून मैत्रिणींनो, आपण कचरा वेगळा करतो तेव्हा दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: याचे पैसे कोणाला मिळतात? आणि यातून पुढे काय बनतं?