फाळ, काच आणि बॅटरी

हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये क्रिकेट, पगारवाढ आणि गाडीचं मायलेज यांच्या जोडीला एक नवा विषय आलाय: घरकामाची हत्यारं. ज्यांनी आजवर कीबोर्डपेक्षा जड काही हातात धरलं नाही, ते लोक दिवाळीच्या सेलमध्ये कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतात. आणि घेण्याआधी विचारतात, "कुठला घेऊ रे?"

मग चर्चा सुरू होते. टॉर्क किती, व्होल्ट किती, मोटर ब्रशलेस आहे का... एखाद्या लॅपटॉपचा स्पेसिफिकेशन शीट वाचावा तसं. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. हत्यार कसं निवडावं या प्रश्नाचं अर्धं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या सातारा-सांगली भागात मिळतं. थाप वाटेल, पण पुढे वाचा.

आधी यंत्र काय आहे ते बघू. साधी ड्रिल मशीन सरळ फिरते. स्क्रू घट्ट झाला की मशीनच तुमचं मनगट उलटं पिरगाळते. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या आत एक छोटा हातोडा, एक ऐरण आणि एक स्प्रिंग असते. स्क्रू सहज जातोय तोवर हातोडा आणि ऐरण एकत्र फिरतात. अडलं की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि फिरत येऊन ऐरणीला बाजूने ठोका देतो. असे मिनिटाला तीनेक हजार ठोके. त्यामुळे एवढंसं यंत्र मोठ्या ड्रिलपेक्षा जास्त जोर लावतं आणि मनगटाला मात्र झटका बसत नाही. टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये गंजलेला स्क्रू काढताना मेकॅनिक एक जाडजूड स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या डोक्यावर हातोडी मारतो, ते पाहिलं असेल. तत्त्व जवळपास तेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, पुढच्या दिशेने नाही. म्हणून काँक्रीटच्या भिंतीत भोक पाडायला हे यंत्र चुकीचं. तिथे हॅमर ड्रिलच लागते. आपल्या फ्लॅटमधली निम्मी कामं, म्हणजे पडद्याचा रॉड, फोटो, गीझरचं ब्रॅकेट, ही भिंतीची असतात. तुमचं काम तेवढंच असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊच नका, एक वायरवाली हॅमर ड्रिल घ्या आणि सुखी व्हा. प्लायवूड, सागाची चौकट, गोठ्याचे पत्रे, द्राक्षबागेच्या मांडवाचे नटबोल्ट, हे मात्र त्याचं खरं राज्य.

आता इतिहासाकडे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावला सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. हा नांगर काही खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती म्हणतात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट किर्लोस्करांच्या प्रत्येक चरित्रात सापडते. पुढे १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. निवडुंग आणि नाग यांच्याखेरीज तिथे काही नव्हतं. तीच आजची किर्लोस्करवाडी.

औंध गाव सातारा जिल्ह्यात आणि कुंडल सांगलीत, हे काय गौडबंगाल, असं कुणी विचारेल. संस्थानं तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असायची. शिवाय सांगली हा वेगळा जिल्हाच तेव्हा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे ही सगळी एकाच पट्ट्यातली गोष्ट आहे.

तर मुद्दा विषाचा. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी शेतकऱ्याला हसतो. अडाणी, अंधश्रद्धाळू वगैरे. मला ते पटत नाही. त्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्याकडे बाभळीच्या लाकडाचा नांगर होता. तो गावच्या सुताराने केलेला. त्याचा फाळ गावच्या लोहाराने ठोकलेला. दोघेही बलुतेदार, म्हणजे सुगीला धान्याचा ठरलेला वाटा द्यायचा आणि वर्षभर दुरुस्ती त्यांच्याकडून करून घ्यायची. आजच्या भाषेत अॅन्युअल मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट, तेही चालत जाण्याच्या अंतरावर! ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तर दुपारपर्यंत जुळून मिळायचा.

लोखंडी नांगर खोल जात होता, तण मुळापासून उपटत होता, सगळं खरं. पण तो मोडला तर? ओतीव लोखंडाचा तुकडा गावच्या लोहाराच्या भट्टीत सांधता येत नाही. नवा सुटा भाग कुठून आणायचा? रेल्वेने? कधी येणार? मृगाचा पाऊस तर कुणासाठी थांबत नाही. 'विष' हा शब्द बाजूला ठेवला तर मला त्या नकारामागे एक चोख हिशेब दिसतो: जे हत्यार माझ्या गावात दुरुस्त होत नाही, त्याच्यावर मी माझं वर्ष लावणार नाही.

नांगराचं असं आहे की त्याचा दांडा वर्षानुवर्षं टिकतो, झिजतो तो फाळ. आणि फाळ काही वाईट आहे म्हणून झिजत नाही, झिजणं हेच त्याचं काम आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम या ओतारी कारखानदाराला हे फार आधी कळलं होतं. १८०३ मध्ये त्याने असा फाळ काढला की ज्याची खालची बाजू कडक आणि वरची मऊ. वरची आधी झिजायची आणि धार आपोआप राहायची. १८०८ मध्ये तो त्याच्याही पुढे गेला. नांगराचे भाग ठरावीक मापाचे केले, म्हणजे शेतकऱ्याने शेतातच जुना भाग काढून नवा बसवावा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना याचं कौतुक वाटायला हरकत नाही. इंटरफेस ठरवून दिला की आतला तुकडा बदलता येतो, हे तत्त्व दोनशे वर्षांपूर्वी चिखलात उतरलं होतं.

किर्लोस्करवाडीचं महत्त्व मला म्हणून वाटतं. परदेशी नांगर भारतात मिळत होतेच. पण कुंडल रोडला ओतशाळा उभी राहिली म्हणजे नवा फाळ समुद्रापलीकडे नाही, चार स्टेशनांवर आला. काही वर्षांत सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखानाही नांगर करू लागला. (हेच सर धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.) पुढे कूपरनी १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं केली आणि १९४० मध्ये तो कारखाना वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. एकाच जुन्या जिल्ह्यात दोन नांगरवाले! एकाने सुटे भाग महाग केले की दुसऱ्याचं दार उघडं. गिऱ्हाईकाला यापेक्षा चांगली स्थिती नाही.

याच पट्ट्यातलं दुसरं उदाहरण मला तर नांगरापेक्षाही आवडतं. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी. प्रभाकर कंदील हे नाव आपल्या आजी-आजोबांना विचारा, लगेच ओळखतील. कंदील म्हणजे त्या काळचं 'कॉर्डलेस' यंत्रच की. हातात धरा, रात्री गोठ्यात जा, विहिरीवर जा. परदेशी कंदीलही मिळत. पण कंदिलात काय फुटतं? पत्र्याची टाकी नाही, काच. पोराचा धक्का लागला, तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की गेली. आणि काचेशिवाय कंदील म्हणजे नुसता धूर.

गंमत अशी की ओगल्यांनी कंदिलापासून सुरुवात केली नाही. १९१६ मध्ये आधी काच कारखाना निघाला, कंदील नंतर आला. म्हणजे जो भाग फुटतो त्याची सोय आधी आणि यंत्र मागून. कंदील विकणाऱ्याच्या घरात काच आहे, हीच खरी वॉरंटी!

आता पुन्हा इम्पॅक्ट ड्रायव्हर हातात घ्या. याचा फाळ कुठला? याची काच कुठली?

पुढच्या टोकाला बिट आहे. तो झिजतो, पण त्याची काळजी नाही. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा षट्कोनी दांडा हे जगभर ठरलेलं माप आहे. कुठल्याही कंपनीचा बिट कुठल्याही कंपनीच्या यंत्रात बसतो. जिल्ह्याच्या कुठल्याही बऱ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रॅन्समचा आत्मा शांत व्हावा अशी व्यवस्था.

मागच्या टोकाला बॅटरी आहे आणि तिथे बरोबर उलटा कायदा. प्रत्येक कंपनीची खाच वेगळी. आतले सेल सगळ्यांचे साधारण सारखेच, पण एकाची बॅटरी दुसऱ्याला बसणार नाही. लिथियमची बॅटरी तर वापरली नाही तरी म्हातारी होत जाते. म्हणजे मोटर आणि गिअर दहा वर्षं चालतील, पण बॅटरी त्याआधी जाईल. फाळ हाच.

याचा एक जुना धडाही आहे. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवरची पहिली कॉर्डलेस ड्रिल आणली. पुढची चाळीस वर्षं याच प्रकारच्या बॅटऱ्या चालल्या. २००३ मध्ये बॉशच्या छोट्या इक्सो स्क्रूड्रायव्हरने लिथियम आणलं आणि काही वर्षांत सगळा बाजार तिकडे वळला. नव्या बॅटरीचा आकार वेगळा. ज्यांची जुनी यंत्रं ठणठणीत होती त्यांना बॅटरी मिळेना आणि चांगल्या मोटरी भंगारात गेल्या. युरोपात काही कंपन्यांनी एकत्र येऊन समान बॅटरी ठरवली आहे, एक गट २०१८ मध्ये निघाला, दुसरा २०२० मध्ये. पण गट दोन आणि त्यांच्याही बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत. असो.

म्हणून "कुठला घेऊ" याचं माझं उत्तर: यंत्र निवडू नका, बॅटरी निवडा.

दुकानात गेलात की तीन प्रश्न विचारा. एक, नुसती बॅटरी आत्ता तुमच्याकडे शिल्लक आहे का? "मागवून देतो" हे उत्तर म्हणजे मृगाच्या पावसात रेल्वेने येणारा फाळ. दोन, तिची किंमत काय? एका बॅटरीला अख्ख्या किटच्या अर्ध्याहून जास्त पैसे पडत असतील तर कंपनी यंत्र विकत नाही, गळ टाकतेय. तीन, सर्व्हिस सेंटर सांगलीत, साताऱ्यात किंवा तुमच्या शहरात आहे का, की पार्सल करावं लागेल?

आकड्यांना भुलू नका. अठरा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच सेल असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच पाच सेल २१ व्होल्ट दाखवतात. म्हणून कुणी १८ लिहितं, कुणी २० मॅक्स, कुणी २१. वस्तू एकच. स्वस्तातल्या बॅटऱ्यांवर ४८ किंवा ८८ असा आकडा छापलेला दिसतो. त्यांच्या आतही बहुधा तेच पाच सेल! घरच्या कामाला बारा व्होल्टचं, म्हणजे तीन सेलचं यंत्र पुष्कळ झालं. हलकं असतं, कपाटाच्या आत हात घालून चालवता येतं. गावाकडे शेड, पत्रे, बागेचा मांडव असेल तरच अठराकडे जा. आणि एक मोठी बॅटरी घेण्यापेक्षा दोन छोट्या घ्या. एक कामावर, एक चार्जरवर. ठेवताना अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत नको. आणि ठोक्यांचा आवाज बंद खोलीत भयंकर होतो, कानात प्लग आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

शेवटचा पर्याय, जो कुठलीच कंपनी सांगणार नाही. जड लोखंडी नांगराला तीन-चार बैलजोड्या लागायच्या. एवढी जनावरं एकट्याकडे कुठली? मग शेतकरी इर्जिक घालायचे. आज सगळ्यांचे बैल माझ्या शेतात, उद्या तुझ्या, आणि संध्याकाळी जेवण. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत चाळीस इम्पॅक्ट ड्रायव्हर वर्षातले तीनशे साठ दिवस कपाटात म्हातारे होत बसण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक घ्यावा. निदान एकाच कंपनीच्या बॅटऱ्या घ्याव्यात, म्हणजे शेजारच्याची आपल्याला बसेल. ऐनवेळी आपली बॅटरी संपली तर चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी मिळाली पाहिजे, एवढंच.