गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातली कपबशी

एखाद्या गावातलं जुनं दुकान जपून त्याचं संग्रहालय करा म्हटलं, की आपल्याकडे लोक हसतात. संग्रहालय म्हणजे तलवारी, नाणी, राजाचे अंगरखे आणि पेंढा भरलेला वाघ. दुकानात काय असतं? तराजू, डबे, कपबशा. पण मित्रांनो, जातीव्यवस्था समजून घ्यायची असेल तर राजवाड्यापेक्षा दुकानात जास्त पुरावे सापडतील. जात जेवढी मंदिरात पाळली गेली तेवढीच ती दुकानाच्या फळीवर पाळली गेली. पैसे लांबून टाकायचे, माल वरून सोडायचा, चहा बाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपात प्यायचा आणि तो कप आपला आपणच धुऊन ठेवायचा. आपल्या आजोबांच्या पिढीला यातलं काही नवीन नाही.

म्हणूनच कोल्हापूरची गंगाराम कांबळे यांची हकीकत हिंगोलीच्या तरुणांनी नीट वाचली पाहिजे. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी नोकर. महाराज बाहेरगावी असताना सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परतल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे उभे राहिले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. दुसरा एखादा राजा इथेच थांबला असता. शाहूंनी गंगारामांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, त्यासाठी मदतही केली.

गंगारामांनी धंदा निवडला तो चहाचा! याचा अर्थ लक्षात घ्या. अस्पृश्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्या शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर एक महार माणूस चहाचं हॉटेल टाकतो आणि त्याला नाव देतो 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक येणार कुठून? शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही तोच चहा प्यायला लावायचे. राजाने दिलेला कप नाकारणार कोण?

ही गोष्ट आज शाहू जयंतीच्या प्रत्येक भाषणात असते. सांगताना मात्र सगळा प्रकाश महाराजांवर पडतो. शाहूंचं मोठेपण कुणी नाकारत नाही. १९०२ साली ५० टक्के जागा राखून ठेवणारा आणि १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून जाहीर करणारा तो राजा होता. पण रोज पहाटे उठून भट्टी पेटवणारे गंगाराम होते. महाराज चहा पिऊन निघून गेल्यावर रस्त्यावरच्या नजरा सोसणारेही गंगारामच. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यानंतर काही वर्षांतच नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं करण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळे यांनी. ज्यांनी राजाचं स्मारक केलं त्या माणसाच्या हॉटेलचं काय झालं? कोल्हापुरात नवा राजवाडा संग्रहालय म्हणून पाहता येतो. तिथे शस्त्रं आहेत, शिकारीचे प्राणी आहेत. 'सत्यसुधारक'ची कपबशी कोणत्या कपाटात आहे?

कुणी म्हणेल, एवढ्याशा हॉटेलाचं काय कौतुक. याचं उत्तर महाडला मिळतं. मार्च १९२७ च्या परिषदेत आलेल्यांना पिण्यासाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, हे आपल्याला माहीत असतं. डिसेंबरची हकीकत कमी सांगितली जाते. तेव्हा मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. गावातले व्यापारी माल विकेनात, म्हणून कार्यकर्त्यांनी दहा दिवस पुरेल एवढा शिधा बाहेरून आणला. म्हणजे तळ्याच्या लढ्यात दुकानदारही एक बाजू होता, आणि त्याचं हत्यार होतं बंद केलेली फळी.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्याही आधी 'दुकाने' हा शब्द येतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या मसुद्यावर चर्चा चालू असताना दुकान म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न संविधान सभेत निघाला. बाबासाहेबांनी अर्थ मुद्दाम रुंद केला: मोबदला घेऊन जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान. न्हावी, धोबी यांच्यापासून डॉक्टर-वकिलापर्यंत सगळे त्यात आले. कपाट, गल्ला आणि पाटी एवढंच दुकान त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं. गावातल्या अस्पृश्याचं डोकं भादरायला न्हावी का येत नाही, हा प्रश्न त्या शब्दात बसला पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हे काम कसं केलं ते बघा. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो शहरातल्या वूलवर्थच्या दुकानात चार काळे विद्यार्थी गेले. त्यांनी आधी बारीकसारीक सामान विकत घेतलं, पावती घेतली, मग खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. त्यांचे पैसे चालले, पण त्यांचं बसणं चाललं नाही. रोज जास्त विद्यार्थी येऊन बसू लागले आणि त्या जुलैत दुकानाला वर्णभेदाचा नियम मोडावा लागला. पुढे १९९३ साली दुकान बंद पडलं. इमारत पाडायची गोष्ट निघाली, लोकांनी ती अडवली, आणि बरोबर ५० वर्षांनी, १ फेब्रुवारी २०१० रोजी, तिथे संग्रहालय उघडलं. काउंटर आणि खुर्च्या मूळ जागी ठेवल्या आहेत. त्या काउंटरचा एक तुकडा तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तिथेही सगळं गोड नाही. मिसिसिपीतल्या मनी या खेड्यात ब्रायंट यांचं किराणा दुकान होतं. १९५५ साली एमेट टिल हा १४ वर्षांचा मुलगा तिथे गेला, दुकानातल्या गोऱ्या बाईशी गैर वागला असा आरोप झाला आणि गोऱ्यांनी त्याला पळवून नेऊन मारलं. ते दुकान आज पडकं झालंय. शेजारचा पेट्रोलपंप मात्र सरकारी पैशातून झकास दुरुस्त झालाय. जुन्या काळाची मौज टिकवायला पैसा मिळतो, जुन्या काळाचा गुन्हा टिकवायला मिळत नाही.

आता हिंगोली. १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्यात होतो आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. नरसीला संत नामदेवांचं गाव म्हणून यात्रा भरते, औंढ्याला ज्योतिर्लिंग म्हणून गर्दी होते. पण २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, तेव्हा कोणत्या गावात किराणा बंद झाला, कोणत्या दुकानदाराने रात्री मागच्या दाराने पीठ-मीठ दिलं, दलिताने काढलेली पहिली पिठाची गिरणी, पहिलं शिलाईचं दुकान, पहिलं चहाचं हॉटेल कोणतं, याची नोंद कुठे आहे? ती त्या काळात जगलेल्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि त्यातली बरीच आता ऐंशीच्या पुढे आहेत.

इमारत नंतर बघू, खर्चही नंतर बघू. १४ एप्रिलच्या आधी प्रत्येक वस्तीतल्या चार पोरांनी मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांसमोर बसावं. विचारायचं एवढंच: तुम्ही चहा कुठे प्यायचात, कप कुठे ठेवलेला असायचा, धुवायचं कुणी, आणि पहिल्यांदा आत बाकावर बसलात ते कोणत्या साली? कुणाच्या घरी जुना तराजू, उधारीची वही, दुकानाची पाटी असेल तर ती भंगारात जाण्याआधी बुद्धविहाराच्या कपाटात ठेवा, सोबत कागदावर ती कुणाची आणि कोणत्या गावची ते लिहून.