आलं नसलेलं आलं

एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या डोंगरात फिरताना आई थांबली. पावसाने उघडं पडलेलं एक मूळ तिने नखाने खरवडलं, हुंगलं आणि म्हणाली, "अरे, हे तर आलं! चहात टाकू या?"

अमेरिकेत आलेल्या युरोपियन लोकांनी नेमकं हेच केलं होतं. वास आल्याचा, म्हणून नाव 'वाइल्ड जिंजर', आणि वाळवलेलं मूळ मसाल्यात. 1753 साली लिनियसने त्याला असारम कॅनडेन्स हे नाव दिलं. खऱ्या आल्याशी त्याचं काहीही नातं नाही. ते आपल्या सापसंदाच्या कुळातलं.

ओळखायला सोपं वाटतं: हृदयाच्या आकाराची दोन मऊ, केसाळ पानं. फुलासाठी मात्र गुडघे टेकून पाचोळा बाजूला सारावा लागतो. पानांच्या बेचक्यात, जमिनीला टेकलेलं एकच तपकिरी-लाल फूल, तीन टोकांचं. त्याचा भाऊबंद हेक्सास्टायलिस. पानं जाड, चकचकीत, हिवाळ्यातही हिरवी. त्याच्या प्रजातींमध्ये पानांवरून माझं अ‍ॅप सरळ हात टेकतं. ड्यूक विद्यापीठाच्या ब्लॉमक्विस्टने 1957 मध्ये हेक्सास्टायलिस नॅनिफ्लोरा वेगळी काढली, ती अरुंद तोंडाच्या इवल्याशा फुलावरून. 1989 मध्ये ती संकटग्रस्त म्हणून संरक्षित झाली. म्हणजे एखाद्या जागेवर बुलडोझर चालवताना कायदा आडवा येणार की नाही, हे तेव्हा काही मिलिमीटरांवर ठरू शकत होतं.

ओळख चुकली की काय होतं, ते ब्रसेल्सने पाहिलं. 1990च्या सुमारास तिथल्या एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. हवी होती 'हान फांग जी', म्हणजे स्टेफानिया. आली 'ग्वांग फांग जी', म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया, सापसंदाची सख्खी बहीण. व्हेरिएबलची नावं सारखी ठेवली की काय होतं, हे आम्हा कोडवाल्यांना ठाऊक आहे. पण आमचं फक्त बिल्ड तुटतं. इथे धडधाकट बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. 1993 मध्ये व्हानहेरवेघेम आणि सहकाऱ्यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. पुढे रुग्ण शंभराच्या आसपास गेले, काहींना कॅन्सरही झाला. दोषी ठरलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. ते या वाइल्ड जिंजरमध्येही असतं.

हे सगळं मी आईला गाडीत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

"सापसंद म्हणालास ना? पोटात दुखलं की तुझी पणजी तेच मूळ उगाळून द्यायची आम्हाला."

"किती वेळा?"

तिला आठवेना.