छातीतील गाठ आणि ध्वनीचा मागोवा

वऱ्हाडात छातीच्या दुखण्याचे नाव निघाले की वडीलधाऱ्यांच्या मनात प्रथम क्षयच येतो. आज अमरावतीस वा अकोल्यास सीटी स्कॅन केला असता फुप्फुसात सरकीच्या दाण्याएवढी गाठ दिसू शकते. ती जुन्या क्षयाची खूण की कर्करोगाचा आरंभ, हे केवळ चित्रावरून नेहमीच ठरत नाही. काही वेळा गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे एवढाच मार्ग उरतो. मग कोणी नागपूर गाठतो, तर कोणी बडनेऱ्याहून गाडी धरून मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातो. ते १९४१ साली सुरू झाले.

छातीचा आणि ध्वनीचा संबंध जुना आहे. ऑस्ट्रियातील औएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपावर टिचकी मारून आतील द्रवाची पातळी ओळखावी, त्याप्रमाणे छाती ठोकून रोग ओळखण्याची रीत त्याने १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. १८१६ साली पॅरिसच्या लेनेकने कागदाची सुरळी छातीला लावून ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी लाँजव्हँने श्राव्यातीत ध्वनी वापरला. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राच्या आधारे पोटातील गाठींचा अभ्यास करून १९५८ साली तो प्रसिद्ध केला. तीच आपली सोनोग्राफी. तिचा गर्भलिंगनिदानासाठी इतका दुरुपयोग झाला की १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा करावा लागला, ही खंतही येथे नोंदविली पाहिजे.

फुप्फुसापुढे मात्र ही विद्या दीर्घकाळ हतबल राहिली. हवेच्या सीमेवरून श्राव्यातीत ध्वनी जवळजवळ संपूर्णपणे परततो आणि फुप्फुस तर हवेनेच भरलेले! त्यामुळे पडद्यावर पांढऱ्या धुक्याखेरीज फारसे काही दिसत नसे. याची फारशी उणीवही भासली नाही, कारण छाती उघडल्यावर शल्यचिकित्सकाची बोटेच फुप्फुस चाचपून गाठ शोधीत. १९१० साली स्टॉकहोमच्या याकोबेयसने छातीत दुर्बीण घालून पाहिले होते; तिचा उपयोग पुढे क्षयाच्या उपचारातही झाला. १९९० नंतर कॅमेऱ्याच्या साहाय्याने छोट्या छिद्रांतून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. रुग्णाच्या वेदना घटल्या, पण शल्यचिकित्सकाची बोटे बाहेर राहिली. खोलवरची बारीक गाठ कॅमेऱ्याला दिसेना आणि बोटाला लागेना. शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनच्या आधारे गाठीत तार रोवण्याची रीत होती व आहे. परंतु त्यात छातीत हवा शिरण्याची वा तार निसटण्याची भीती असते.

यावर निघालेला तोडगा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर वाटतो. भूलतज्ज्ञ दोन मार्गांची श्वासनलिका बसवून एकाच फुप्फुसावर श्वास चालू ठेवतो. दुसरे फुप्फुस हवा निघून गेल्याने ओल्या स्पंजासारखे आक्रसते. आता ध्वनीचा अडसर दूर झालेला असतो. छिद्रातून आत सोडलेली बारीक सोनोग्राफीची कांडी फुप्फुसावरून हळूहळू फिरविली जाते आणि करड्या पार्श्वभूमीवर गाठ बहुधा काळसर ठिपक्याप्रमाणे उमटते. तिची खोली मोजून तेवढाच भाग कापता येतो. दीर्घकाळ बिडी ओढून फुगलेले फुप्फुस पुरेसे आक्रसत नाही, तेथे ही युक्ती फसते. धुरकट, विरळ गाठीही सहज सापडत नाहीत.

कापलेला तुकडा तातडीच्या तपासणीस पाठविला जातो. काम आटोपले की भूलतज्ज्ञ मिटलेल्या फुप्फुसात पुन्हा श्वास सोडतो आणि ते फुलून छाती भरते. त्यानंतर तीच कांडी पुन्हा फिरविली, तरी पडद्यावर पांढरे धुकेच दिसेल.